शीळ म्हणजे शिट्टी नव्हे

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत जुन्या चीनमधल्या ताओवादी एकांतवासींच्या संगीताला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. हा विषय मराठी पुरवणीत सहसा दिसत नाही. पण ‘शिट्ट्या मारणारे साधू’ हा मथळा कुणी दिला? मथळ्यात शिट्टी, मजकुरात शिट्टी, चौकटीतही शिट्टी. शिट्टी कुकरची असते, रेल्वेच्या गार्डची असते. माणूस ओठांतून सूर काढतो त्याला मराठीत शीळ म्हणतात, आणि ती मारत नाहीत, घालतात.

सुमेन पर्वतावरचा प्रसंग लेखकानं दोन ओळींत, गंमत म्हणून उरकला आहे. तिसऱ्या शतकातला कवी रुआन ची डोंगर चढून जातो. कड्याशी गुडघ्यांना मिठी घालून एक माणूस बसलेला असतो. पुढे इतिहासकारांनी त्याचं नाव सुन देंग असं दिलं. रुआन ची त्याला पुराणकाळातल्या राजांविषयी विचारतो, साधनेविषयी विचारतो. तो नुसता एकटक बघत राहतो. शेवटी रुआन ची लांबलचक शीळ घालतो. बऱ्याच वेळानं तो माणूस हसतो आणि म्हणतो, आणखी एकदा. रुआन ची पुन्हा घालतो, मग उतरायला लागतो. अर्धा डोंगर उतरल्यावर वरून असा नाद येतो की एकाच वेळी अनेक वाद्यं वाजावीत, रान आणि दऱ्या घुमाव्यात. वळून बघतो तर तोच माणूस शीळ घालत असतो. जे उत्तर शब्दांत मिळालं नाही ते असं मिळालं. यात हसण्यासारखं काय आहे? त्याच शतकात छंगगोंग स्वी या कवीनं शीळ याच विषयावर एक मोठं काव्य लिहिलं. तो म्हणतो, हिला वाद्य लागत नाही, बाहेरची कुठलीच वस्तू लागत नाही, सगळं आपल्या देहातच आहे.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. माझे वडील शीळ फार सुरेख घालायचे. लहानपणी गुरांमागे हिंडताना ते शिकले आणि पुढे मला त्यांनीच शिकवलं. सातवीत असताना स्नेहसंमेलनात मी शिळेवर भूप सुरू केला. स्थायी संपून अंतरा उचलला आणि बाई विंगेतून आत आल्या. ‘मुलीच्या जातीनं शिट्ट्या मारायच्या नसतात,’ असं सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या आणि पडदा पाडला. पुढे बसलेले पाहुणे हसले. मी दप्तर घेऊन एकटीच घराकडे निघाले. ओढा ओलांडला तेव्हा मागून शीळ आली. मी जिथे थांबले होते तिथूनच वडिलांनी अंतरा उचलला होता. घर येईपर्यंत ते मागूनच चालत राहिले, जवळ आले नाहीत, बोललेही नाहीत. आता मी अडुसष्ट वर्षांची आहे. काल तुमच्या पुरवणीत तोच शब्द छापलेला पाहिला आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

आणखी एक. सोबतचं छायाचित्र ‘चिन’ या चिनी तंतुवाद्याचं नाही, ‘झंग’ या दुसऱ्या तंतुवाद्याचं आहे. चिनला सात तारा असतात आणि तारांखाली घोड्या, म्हणजे तारा उचलून धरणारे आधार, नसतात. छायाचित्रात घोड्यांची रांग स्पष्ट दिसते. छायाचित्रच हवं होतं तर नानजिंगजवळ १९६० मध्ये सापडलेल्या थडग्यातलं विटांवरचं चित्र होतं. त्यात रुआन चीचा कवी मित्र शी कांग चिन वाजवतो आहे आणि रुआन ची तोंडाशी हात नेऊन शीळ घालतो आहे. चिनचे सूर ऐकायचे असतील तर ग्वान फिंगहू यांनी वाजवलेली ‘ल्यू श्वे’ ही धून ऐका. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याच्या तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांच्या भैरवीबरोबर तीही गेली. मराठी वाचकाला जवळचं वाटेल असं हे एक वाक्य लेखात सहज बसलं असतं.

आणि ‘तणावमुक्तीसाठी रोज दहा मिनिटं ऐका’ ही चौकट! तीत सुचवलेली ‘ग्वांगलिंग सान’ ही धून शी कांगनं वधस्थळी, उन्हाची सावली किती उरली ते पाहून, चिन मागवून वाजवली. तुझी बुद्धी मोठी आहे पण या काळात निभणं कठीण, असं सुन देंगनं त्याला आधीच सांगितलं होतं. तुरुंगात लिहिलेल्या कवितेत, सुन देंगपुढे मान खाली घालावी लागते, असं त्यानं कबूल केलं आहे. ते सुरांचं दुःख तुम्ही झोपेच्या गोळीच्या रांगेत बसवलंत.

छायाचित्राची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी. हे पत्र छापलंत तर जागेसाठी वाटेल ते कापा, पण शीळ या शब्दाच्या जागी शिट्टी घालू नका.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा