दारावरच्या दिव्याचं काम

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

दारावरचा एलईडी दिवा बंद केला तरी रात्रभर मिणमिणतो आणि पाऊस लागला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा मेनबोर्डातला स्विच) ट्रिप होतो, असं आई फोनवर म्हणाली. फिटिंग बदलायलाच हवं, पण तेवढ्याने मिणमिणणं थांबेलच असं नाही. बाबा, शिडीवर वायरमनच चढेल. तुम्ही खाली उभं राहून पुढचं सगळं त्याच्याकडून करून घ्या.

आधी स्विच बघा. त्यात बारीक इंडिकेटर असेल, तर त्याच्यातून झिरपणाऱ्या किरकोळ करंटवरही एलईडी मंद पेटतो. मग साधा स्विच बसवला की झालं. इंडिकेटर नसेल तर बहुधा स्विच फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) बसलाय. अशा वेळी बटण बंद असूनही फेज थेट होल्डरपर्यंत आलेला असतो, आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो तो इथेच. वायरमनला बल्ब काढून, स्विच बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावायला सांगा. एका जरी टोकावर टेस्टर लख्ख पेटला, तर दुरुस्ती दिव्यापाशी नाही, स्विचबोर्डात करायची.

मग त्या सर्किटचा एमसीबी (बोर्डातला फ्यूजच्या जागचा खटका) पाडा. आई, त्यावर कागद चिकटव आणि काम संपेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो पेटतोय ना ते बघायचं, मगच दिव्याच्या वायरींना लावायचा. कोरड्या लाकडी शिडीवर उभ्या माणसाच्या हातातला टेस्टर फेज असूनही जेमतेम पेटतो, म्हणून व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर असेल तर फारच उत्तम.

जुनं फिटिंग सुटण्याआधी जोडणीचा फोटो काढा. लाल किंवा तपकिरी फेज, काळी किंवा निळी न्यूट्रल, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थ, हे खरं; पण जुन्या वायरिंगमध्ये स्विचवरून परत येणारा फेजही काळ्या वायरीतून आणलेला सापडतो. काळी दिसली म्हणून न्यूट्रल समजू नका. मोजून प्रत्येकीला चिठ्ठी लावा.

आरसीसीबीची तक्रार पाण्याची आहे. आत ओल साचली की फेज किंवा न्यूट्रलमधून अर्थकडे वाट मिळते. न्यूट्रल सहसा स्विचने तुटतच नाही, त्यामुळे दिवा बंद असतानाही ट्रिप होऊ शकतं. पाणी बहुतेक वेळा काचेतून नाही, वायरीवरून ओघळत आत जातं. म्हणून वायर फिटिंगमध्ये खालून घ्यायची, आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतात. भोकाला ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारी सील), न वापरलेल्या भोकांना बूच. भिंतीलगत सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी भरा, खालची कड मात्र मोकळी सोडा. आत धरलेलं दव तिथून निघून जातं. पाऊस थेट झोडपतो, म्हणून आयपी 65 चं (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारं) फिटिंग घ्या.

वायरीचं टोक काळं-हिरवं पडलं असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापायचं. साधारण 8 मिमी सोलून कनेक्टरमध्ये घट्ट कसायचं, बाहेर तांबं दिसता कामा नये, आणि प्रत्येक वायर ओढून बघायची. नुसती पिळून टेप गुंडाळू देऊ नका. उन्हाने टेपचा गोंद सुटतो आणि ओल आत जाते. फिटिंगचा भार स्क्रूवर हवा, वायरीवर नाही.

अर्थबद्दल आग्रह धरा. बॉडी धातूची असेल तर अर्थ जोडलीच पाहिजे. फिटिंगवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तरच ती लागत नाही, मग हिरवीचं टोक कनेक्टरमध्ये बंद करून ठेवा.

झाल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, तो पडायला हवा. रात्री दिवा बंद करून अंधारात नीट बघा आणि मला कळवा.

तुमची लेक