सूचनाफलक सांभाळणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यातली वीजबंदी पार पडली. सकाळी १० ते दुपारी ४, सलग सहा तास ट्रान्सफॉर्मरचं काम चाललं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं नाही, कुणाची औषधं खराब झाली नाहीत, पंपाअभावी कुणाचे नळ कोरडे पडले नाहीत. हे आपोआप झालेलं नाही. तुम्हाला तोंडावर कुणी धन्यवाद म्हटलं असेल असं वाटत नाही, म्हणून आम्ही शेजारी हे पत्र सगळ्यांदेखत लिहितो आहोत.

त्या सूचनेत वेळा होत्या, कारण होतं, काय काळजी घ्यायची तेही होतं. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो आणि गच्च भरलेला डीप फ्रीझर जवळपास दोन दिवस तग धरतो, म्हणून लागणाऱ्या वस्तू आधीच बाहेर काढून ठेवा. लिफ्ट पावणेदहाला तळमजल्यावर आणून बंद करणार. टाकी सकाळी साडेआठपर्यंत काठोकाठ भरणार. वीज परत आल्यावर सगळी उपकरणं एकदम लावू नका, पाच-दहा मिनिटं थांबा, सुरुवातीला दाब वरखाली होतो. हे सगळं उत्तमच होतं. पण आमच्या मनात घर करून राहिली ती सूचनेच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ:

‘तळमजल्यावर आजोबांकडे सांगितलं आहे. सिलिंडर आलाय, पाना जोडून तपासलाय.’

ज्याच्या घरात कुणी ऑक्सिजनवर आहे त्यालाच या ओळीचं मोल कळेल. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र विजेवर चालतं. वीज गेली की ते बंद. मग हाताशी लागतो भरलेला सिलिंडर. दीड हजार लिटरचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटर या गतीने साधारण बारा तास पुरतो. म्हणजे सहा तासांच्या वीजबंदीला एक पुरे आणि वर तेवढाच हात राखून. हिशेब कागदावर सोपा आहे. प्रत्यक्षात घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो, पण झडप उघडायचा पाना सापडत नाही. रेग्युलेटरचं वॉशर हरवलेलं असतं आणि जोडातून फुसफुस गळती सुरू होते. किंवा मागच्या वेळी वापरून झडप नीट बंद केलेली नसते, त्यामुळे काटा शून्यावर गेलेला असतो आणि ते कुणाला ठाऊकच नसतं. ‘सिलिंडर आहे ना?’ एवढं विचारून परत येणारे पुष्कळ असतात. तुम्ही पाना जोडून काटा बघितलात.

आणि मग ते लिहून ठेवलंत, हे तर त्याहून मोठं. अशा वेळी शेजारपाजाऱ्यांचं एकच होतं: प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. त्यात कुणीच जात नाही. किंवा उलट, पाच जण लागोपाठ दार वाजवतात आणि आजारी माणसाची झोपमोड होते. तुमच्या त्या एका ओळीने दोन्ही टळलं. जाता-येता फलक वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलं की हे काम झालं आहे, आता आपण दुसरं बघावं. चौथ्या मजल्यावरच्या मुलांनी जिन्यातल्या अंधाऱ्या वळणावर बॅटरीचा दिवा नेऊन ठेवला तो त्यातूनच.

आता थोडं कडू, पण बोलायलाच हवं. फलक तुमच्याकडे येण्याआधी इथे सूचना कशा लागत, ते कुणी विसरलेलं नाही. ‘सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की उद्या काही तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित राहील.’ उद्या म्हणजे कधी? कागदावर तारीख नाही. किती वेळ? माहीत नाही. कुणाला विचारायचं? खाली सही नाही. पुढे ज्यांच्याकडे जबाबदारी होती त्यांनी तेवढंही सोडलं आणि सगळं मोबाइलच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. शुभेच्छांच्या आणि फुलांच्या फोटोंच्या ढिगाऱ्यात टाकी धुण्याची सूचना गाडली गेली. नळ कोरडे, वर गीझर चालूच, आणि पाण्याविना तापून त्यातली कॉइल जळून गेली, अशी घरं एकाहून जास्त होती. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: ‘ग्रुपवर टाकलं होतं.’ जणू टाकलं की पोहोचलंच. ज्यांच्याकडे तसा फोनच नाही, अशी वडीलधारी माणसं त्यांच्या हिशेबात नव्हतीच. याचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्या हातात तो फलक आला तेव्हा त्यावर कागदावर कागद चढले होते. लाल शाई उन्हात सगळ्यात आधी उडते, त्यामुळे नेमके ‘महत्त्वाचे’ शब्दच पुसट झालेले. तुम्ही आधी सगळे कागद काढलेत. काळ्या मार्करने लिहायला लागलात आणि लाल रंग फक्त रेघेपुरता ठेवलात. इंकजेटवर छापलेला कागद दमट हवेत पसरतो, म्हणून लेझर छपाई नाहीतर हाताने लिहिलेलं, एवढेच दोन पर्याय ठेवलेत. प्लास्टिकच्या पाकिटाचं तोंड खाली केलंत, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. काचेच्या चौकटीला तळाशी दोन बारीक भोकं पाडून घेतलीत, तेव्हापासून आतून वाफ धरत नाही. तारीख-वेळेची अक्षरं बोटाच्या पेराएवढी, सुमारे २५ मिलिमीटर उंच. तीन मीटरवरून चष्म्याविना वाचता येतात. आणि त्या आठवड्याचा सगळ्यात महत्त्वाचा कागद जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरवर, चाकाच्या खुर्चीत बसलेल्याच्या नजरेसमोर.

लिहिण्याची तुमची शिस्त तर दुसऱ्या वसाहतींनीही उचलावी अशी आहे. ‘उद्या’, ‘येत्या रविवारी’ असं तुम्ही कधीच लिहीत नाही. कागद कुणी कधी वाचेल त्याचा नेम नसतो. वार आणि तारीख दोन्ही लिहिता, म्हणजे एखादं चुकलं तर दुसऱ्यावरून लगेच लक्षात येतं. ‘रात्री १२’ लिहिलं की कुठल्या तारखेची रात्र असा वाद होतो, म्हणून तुमच्या सूचनेत ११.५५ असतं. तारीख बदलली तर जुना कागद फाडून नवा लावत नाही. जुन्या तारखेवर एकच सरळ रेघ, शेजारी नवी तारीख आणि कंसात कारण. ज्याने पहिला कागद वाचलाय तो सारख्याच दिसणाऱ्या नव्या कागदाकडे पुन्हा बघत नाही. खोडलेली रेघ मात्र डोळ्यांत भरते. उजव्या कोपऱ्यात ‘काढण्याची तारीख’ असते आणि त्या दिवशी तो कागद खरोखर उतरतो. शिळे कागद उतरवले नाहीत तर लोक फलकाकडे बघणंच सोडून देतात. आधी नेमकं तेच झालं होतं.

पाण्याच्या टाक्या धुतल्या तेव्हाची सूचना आमच्यातल्या काहींनी फोटो काढून जपून ठेवली आहे. रहिवाशांसाठी: गीझरचं बटण बंद, वॉशिंग मशीनचा आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा नळ बंद, कारण पाणी सोडल्यावर पहिल्यांदा येणारा गाळ आतल्या जाळीत आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर आणि संडासाला वेगळ्या बादल्या. पाणी आल्यावर आधी न्हाणीघरातला खालचा, जाळी नसलेला नळ हळूहळू सोडा, नळातली हवा निघू द्या, पाणी नितळ झालं की मग बाकीचे.

काम करणाऱ्यांसाठी दुसरा कागद होता. टाकीच्या भिंती आणि तळ घासून गाळ उपसायचा. मग निर्जंतुकीकरण: ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. पावडर आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत घालायचं. पोतं बरेच दिवस उघडं राहिलेलं असेल तर घेऊ नका, त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. हे पाणी ठरलेला वेळ राखून पूर्ण सोडून द्यायचं, टाकी पुन्हा धुवायची, मगच भरायची. ब्लीचिंगसोबत आम्ल कधीही वापरायचं नाही, विषारी वायू सुटतो. आणि ठळक अक्षरांत: ‘जमिनीखालच्या टाकीत कुणालाही एकटं उतरवायचं नाही. दोन्ही झाकणं आधीपासून उघडी, हवा खेळती, वर एक माणूस दोर धरून उभा. पेट्रोलवर चालणारा पंप टाकीत उतरवायचा नाही.’ टाकी धुणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी सूचनाफलकावर लिहिलेली आम्ही तरी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

काम झाल्यावर तुम्ही परत चार ओळी लावल्यात: टाक्या धुऊन झाल्या, पाणी किती वाजता सोडलं, क्लोरीनचा वास एक-दोन दिवस जाणवेल, तळाशी किती गाळ निघाला. मागितला नव्हता कुणी हा हिशेब. काम ‘होणार आहे’ हे सांगणारे खूप. ‘झालं’ हे सांगायला परत येणारी माणसं विरळा. आजारी माणसाच्या घरी पाना जोडून बघणं आणि काम झाल्यावर चार ओळी लिहिणं, दोन्ही एकाच स्वभावातून येतं. सचोटी म्हणतात ती हीच असावी. तिला पद लागत नाही, बैठक लागत नाही. समोरच्याचा वेळ, त्याचं पाणी, त्याचा श्वास आपल्याइतकाच मोलाचा आहे एवढं मनापासून वाटावं लागतं. वसाहतीत अशी दोन माणसं जरी असली तरी बाकीच्यांना चांगलं वागायला सोपं जातं, हे आम्ही अलीकडे बघतो आहोत. परवा एकाने पार्किंगमधली गळती स्वतःहून फलकावर नोंदवली, वेळेसकट आणि सहीसकट.

आता पुढच्या महिन्याचं. तुम्ही लावलेली यादी वाचली आणि या वेळी ती एकट्या तुमच्यावर पडू द्यायची नाही असं ठरलं आहे.

दर शनिवारी साचलेलं पाणी काढायचा दिवस: जिना, गच्ची, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलर आम्ही मजल्यामजल्याने वाटून घेतले आहेत. डासाचं अंडं ते उडणारा डास हा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांचा, म्हणून आठवड्यातून एकदा चुकता कामा नये. नुसतं पाणी ओतून देणार नाही, कडा काथ्याने घासणार. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या कडेला महिनोन् महिने चिकटून राहतात आणि पाणी लागलं की फुटतात.

अग्निशामक नळकांडी वापरायचा सराव: प्रत्येक जिन्यातून दोघं येणार, त्यातला एक साठीच्या पुढचा असेल. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते आदल्या दिवशी बघून ठेवू. पिन ओढायची, दोन-तीन मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी नेम धरायचा, दांडा दाबायचा, डावीकडून उजवीकडे झाडायचं. सहा किलोचं नळकांडं पंधरा-वीस सेकंदांत रिकामं होतं, हे लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं; बहुतेकांना ते मिनिटभर चालेल असं वाटतं. कढईतल्या तेलाला पाणी नको, गॅस बंद आणि वर झाकण, हेही त्याच वेळी दाखवावं अशी विनंती.

जुनी उपकरणं आणि बॅटऱ्या गोळा करायचा रविवार: टेबलावर बसायला दोघं तयार आहेत. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावूनच घेऊ. फुगलेली मोबाइल बॅटरी पिशवीत इतरांसोबत टाकणार नाही. वाळू भरलेला पत्र्याचा डबा वेगळा ठेवला आहे.

आणि फलकाची दुसरी किल्ली. ती आमच्यापैकी एकाकडे द्या. तुम्ही गावाला गेलात, आजारी पडलात, किंवा नुसता कंटाळा आला, तरी कागद वेळेवर लागतील आणि वेळेवर उतरतील. काळे मार्कर, पाकिटं आणि न गंजणाऱ्या पितळी पिना आणून ठेवल्या आहेत. पेन्सिलही आहे. कुणाकुणाच्या घरी जाऊन सांगायचं असतं, ती घरं एकदा तोंडी सांगा. ती यादी फलकावर लावणार नाही, आमच्यातल्या दोघांच्या वहीत राहील. रविवारी सकाळी साडेनऊला फलकापाशी येतो, तेव्हा सांगितलंत तरी चालेल.

तुमचे,
चारही जिन्यांतले शेजारी