मावशींच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या आबांना

आदरणीय आबा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र खरं तर बंद पाकिटातून तुमच्या घरी यायला हवं होतं. पण हातात दिलं असतं तर "असू दे वं माय" म्हणत तुम्ही ते न वाचताच कपाटावर ठेवून दिलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. शिवाय ज्यांनी आम्हाला ऐन वेळी वाऱ्यावर सोडलं त्यांची गाऱ्हाणी मी चार लोकांत सांगितली होती. मग ज्यानं हात दिला त्याचं चांगलंही चार लोकांतच सांगायला हवं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि भुसावळात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. माझा मुलगा पुण्याच्या एका हॉटेलात काम करताना स्मोकरवर मांस करायला शिकला. अमेरिकेत, टेक्साससारख्या भागात लोक घरामागे असे स्मोकर ठेवतात. झाकण लावून, साधारण 110 अंशांच्या मंद आचेवर मांस तासन्‌तास शिजू देतात आणि त्याला लाकडाच्या धुराची चव येते. गावी परतल्यावर त्यानं 200 लिटरच्या लोखंडी ड्रमची तशी भट्टी आमच्या परसात उभी केली. रविवारच्या ऑर्डरी येऊ लागल्या. कोंबडी तर होतीच, पण थंडी पडली की त्याच निखाऱ्यांवर असोद्याकडची भरताची वांगीही भाजायची, ही त्याची स्वतःची कल्पना. पोराचे हात कामाला लागले होते, आबा. नोकरी सुटल्यानंतर पहिल्यांदाच तो रात्री नीट झोपत होता.

आणि शेजारच्या मावशींना दमा.

मावशींनी एका शब्दानं तक्रार केली नाही. भट्टी पेटायच्या वेळेला खिडकी लावून घ्यायच्या, एवढंच. थंडीच्या पहाटे हवा जड असते, वारा नसतो, धूर वर जातच नाही. पत्र्याच्या उंचीवर पसरतो आणि सगळ्या गल्लीत बसून राहतो. एका रात्री मावशींना दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी थंडीही कारण सांगितली, धूळही सांगितली, पण पोरानं ते ऐकलंच नाही. घरी येऊन त्यानं ड्रमवर ताडपत्री टाकली आणि बोलणं बंद केलं. जेवायला बसायचा, पान तसंच ठेवून उठायचा. त्या दिवसांबद्दल आजही मला नीट लिहिता येत नाही.

मदत मागितली नाही असं नाही. ड्रम कापून देणाऱ्याकडे गेलो. "भट्टी म्हटलं की धूर होणारच, ताई," एवढं बोलून त्यानं फोन उचलणं बंद केलं. पैसे मात्र सगळे आगाऊ घेतलेले. एका दुकानदारानं धूर न होणारा कोळसा म्हणून दुप्पट भावानं विटा दिल्या. त्या पेटताना जो वास सुटला तो घरातल्या पडद्यांतून कितीतरी दिवस गेला नाही. एक जण फी घेऊन असले स्वयंपाक शिकवतो, त्यानं सल्ला दिला की पेटवायचं रसायन भरपूर ओता, लवकर पेटेल. नात्यातल्या एकानं तर पेट्रोल सुचवलं! पोराचा जीव जाईल याचाही विचार नाही. आणि गल्लीतले जे कागदावर सह्या घेत फिरले, त्यांच्यातल्या एकानंही मावशींच्या दाराशी जाऊन "तुम्हाला आता कसं आहे" असं विचारलं नाही. त्यांचा राग मला धुरावरून आलेला नाही. मावशींच्या दम्याच्या नावानं अर्ज लिहिला आणि मावशींकडे पाहिलंसुद्धा नाही, याचा आहे. हे मी तेव्हाही तोंडावर बोलले होते, आज लिहूनही ठेवते.

मग तुम्ही आलात. बोलावलं कोणीच नव्हतं. दळणाच्या रांगेत कुणाकडून तरी तुमच्या कानावर गेलं म्हणे.

उमेदीची वर्षं वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून काढलेला माणूस आमच्या फाटकात उभा होता, आणि मला वाटलं, हेही आता चार गोष्टी सुनावून जातील. तुम्ही ताडपत्री उचलली, ड्रमच्या आत हात घालून राख बघितली, कोळशाचं पोतं हलवून बघितलं. बाभळीचा कोळसा चांगला होता, पण पोतं ओलाव्याला ठेवलेलं आणि तळाशी नुसता चुरा. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. पोराला म्हणालात, "उद्या पेटव. तू नेहमी पेटवतो तसंच पेटव. धूर कथा जास ते देखू दे पहिले." म्हणजे, धूर कुठं जातो ते आधी बघू दे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पहाटे आलात आणि आमच्या परसात न येता सरळ मावशींच्या घराकडे वळलात. त्यांना विचारून त्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकलीत आणि तिथं बसलात. पोरगा इकडे कोळशाशी झटत होता, मी कंपाउंडच्या भिंतीवरून तुमच्याकडे बघत होते. मावशींना तुम्ही आतल्या खोलीत, दार लावून बसायला सांगितलंत. स्वतः मात्र तो सगळा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा लोट अंगावर घेत बसून राहिलात. खोकलात, उपरण्यानं डोळे पुसलेत, पण उठला नाहीत. शेवटचा कोळसा राखाडी होईपर्यंत उठला नाहीत.

आबा, त्या खुर्चीसाठी हे पत्र आहे. बाकीचं सगळं नंतरचं.

आमच्याकडे आलेला प्रत्येक माणूस भट्टीपाशी उभा राहून बोलला होता. धूर जिथं जातो तिथं जाऊन बसावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही आणि तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांच्याही नाही. तुमच्या मनात ते आलं, कारण तुमची आयुष्यभराची सवयच ती. नंतर चहा घेताना तुम्ही सांगितलंत, की इंजिनाच्या चिमणीतून काळा धूर निघाला की समजायचं, कोळसा जळत नाही, नुसता उडून चाललाय. एकदम फावडंभर रिचवायचा नाही; थोडा थोडा, पसरून, सारखा टाकत राहायचा. आणि स्टेशन जवळ आलं की कोळसा टाकणं आधीच थांबवायचं, कारण फलाटावर माणसं उभी असतात आणि लाइनीच्या कडेच्या घरांतल्या बायांनी धुणं वाळत घातलेलं असतं. "त्या बाया आपल्याला ओळखत बी नव्हत्या," असं तुम्ही अगदी सहज म्हणालात. 1995 मध्ये ब्रॉडगेजवरचं वाफेचं इंजिन देशभरातून गेलं. ते गेल्यालाही एक पिढी होऊन गेली, आणि तुम्हाला ते धुणं अजून आठवतं.

दुसरी गोष्ट, ज्यामुळे माझ्या पोराचा जीव भांड्यात पडला. तुम्ही त्याला सांगितलंत की धूर दोन प्रकारचा असतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. चव देतो तो पातळ, निळसर, दिसेल न दिसेल असा. दाट पांढरा धूर म्हणजे अर्धवट जळालेला माल. त्यानं चव तर येत नाहीच, मांस कडू होतं. म्हणजे मावशींना ज्याचा त्रास होत होता तो धूर पोरालाही नकोच होता. त्याला इतके दिवस वाटत होतं की आपलं काम आणि मावशींचा श्वास यांतलं एकच काहीतरी राहू शकतं. तुम्ही ती गाठ एका वाक्यात सोडवलीत. त्या वेळी तो तुमच्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

पुढचं काम तुम्ही दोघांनी मिळून केलंत, त्याचा सगळा पाढा इथं वाचत नाही. ज्यांना हवं त्यांनी पोराला विचारावं, तो आनंदानं दाखवतो. गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याला खालून भोकं पाडून, मध्ये जाळी बसवून तुम्ही ते घरून करूनच आणलंत. रात्री जागून केलंत, हे काकूंकडून नंतर कळलं. त्या डब्यात कोळसा उभा रचायचा, खाली कागद आणि कपाशीच्या वाळक्या काड्या, डबा विटांवर. हवा खालून ओढली जाते, सगळी आच एका जागी कोंडते, आणि कोळशातून जो वायू सुटतो तो वरच्या जाळातच जळून जातो. रॉकेल नाही, रसायन नाही. ड्रममध्ये कोळसा जातो तो पूर्ण पेटून, राखेची पांढरी साय धरल्यावरच. मध्येच गार कोळसा वर ओतायचा नाही, कारण गार कोळसा निखाऱ्यावर पडला की पेटेपर्यंत धुमसत राहतो. लागेल तेवढा वेगळा पेटवून घालायचा. कोळसा आता उन्हात वाळतो, चुरा चाळला जातो. आणि पहाटेऐवजी ऊन चढल्यावर पेटवायचं, हवा जरा तापून वर उठायला लागली की. गच्चीवर जाऊन दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर कुठल्या अंगाला झुकलाय ते बघायचं आणि मगच भट्टीची जागा ठरवायची, हे तर तुमच्याशिवाय कुणाला सुचलंच नसतं.

एक गोष्ट तुम्ही दटावून सांगितलीत, ती इथंही लिहिते, कारण ती जिवावरची आहे. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक झाला असं समजायचं नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी बंद खोलीत नेऊन कुणी झोपू नये. आपल्याकडे अजूनही नेतात.

नव्या डब्यानं पहिल्यांदा पेटवलं तेव्हा तुम्ही पुन्हा मावशींच्याच ओट्यावर बसलात. या वेळी मावशीही बाहेर येऊन बसल्या होत्या. आम्ही भिंतीपलीकडून विचारत होतो, "येतोय का हो आबा?" तुम्ही आम्हाला उत्तरच दिलं नाहीत. मावशींकडे वळून विचारलंत, "तुम्हीच सांगा. येतोय का?" मावशी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "वास येतोय. धूर नाही." मग उठून त्यांनी खिडकी उघडली. मी भिंतीला टेकून रडले, ते तुम्ही पाहिलंत आणि न पाहिल्यासारखं केलंत. त्याबद्दलही आभार.

आणि पोराला तुम्ही "फायरमनसाहेब" म्हणता, ते म्हणत राहा. पहिल्यांदा म्हणालात तेव्हा किती दिवसांनी तो हसला होता, हे तुम्हाला ठाऊक नाही.

आबा, माझं एक मत झालंय. आपल्याकडे हुशार माणसांची वाण नाही. सल्ला देणारे तर पावलोपावली आहेत. पण दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन, त्याच्या जागेवरून आपलं काम कसं दिसतं हे बघणारा माणूस फार क्वचित भेटतो. तुमच्या लोको शेडमध्ये असे बरेच होते असं तुम्ही म्हणता. असतीलही. खोल विहीर खणणारे, डीपीवर चढणारे वायरमन, केळीच्या गाड्या भरणारे हमाल, अशा हातानं काम करणाऱ्यांत मी हा चांगुलपणा जास्त पाहिलाय, आणि सह्यांचे कागद फिरवणाऱ्यांत फार कमी. तो शाळेतून येतो की घरातून, ते मला सांगता येणार नाही. पण माझ्या पोरानं तो जवळून पाहिला, याचा मला कोंबडीच्या ऑर्डरींपेक्षा जास्त आनंद आहे. आता तो ड्रमचं झाकण लावायच्या आधी मावशींना हाक मारून विचारतो. त्याला हे कुणी शिकवलं नाही.

पैशाचं पाकीट तुम्ही परत केलंत, डब्याच्या पत्र्याचेही घेतले नाहीत. ठीक आहे. या रविवारी पोरगा तुमच्याकडे भरत, कळण्याची भाकरी आणि थोडी कोंबडी घेऊन येतोय. ते मात्र परत करायचं नाही. काकूंना तिखट सोसत नाही हे लक्षात आहे, म्हणून त्यांचं भरत वेगळं ठेचलंय, मिरची कमी आणि कांद्याची पात जास्त घालून. लहान डब्यात आहे ते त्यांचं.

आपली,
तुमच्या फायरमनसाहेबांची आई