तळाचे दहा टक्के आणि चाकणचा तक्ता

महोदय,

अप्रेझलचे दिवस आले की हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत चर्चा एकच: यंदा ‘बेल कर्व्ह’मध्ये, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना वरचे, मधले आणि तळाचे रेटिंग द्यायलाच हवे या पद्धतीत, खाली कोण जाणार? काही कंपन्यांनी ही पद्धत कागदोपत्री बंद केली, तरी नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे सगळ्या टीमची रेटिंग्ज एकत्र जुळवण्याच्या बैठकीत ती मागल्या दाराने येतेच.

जॅक वेल्च यांच्या काळात जनरल इलेक्ट्रिकमध्ये ती गाजली: वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १०. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी सक्तीची क्रमवारी सोडून दिली. गोम गणितातच आहे. सात जणांच्या टीमचे १० टक्के म्हणजे ०.७ माणूस, म्हणून एक धरायचा. अशा तीन टीम झाल्या की २१ पैकी तिघे तळाला, म्हणजे १४ टक्के! मुळात मुलाखतींच्या चाळणीतून निवडून घेतलेल्या सात जणांत घंटेच्या आकाराचा आलेख शोधायचाच कशाला? मग मॅनेजर एखादा कच्चा गडी मुद्दाम टीममध्ये ठेवतो, एप्रिलमध्ये बळी द्यायला. तसा कोणी नसला तर २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेवरून परतलेली सहकारी सापडते. तिचे सहा महिन्यांचे काम इतरांच्या बारा महिन्यांशेजारी ठेवले जाते.

त्यापेक्षा चाकणच्या कारखान्यांत उत्पादनाच्या लाइनशेजारी टांगलेला स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कौशल्यांचा तक्ता पाहावा. एका बाजूला कामगारांची नावे, वर स्टेशने, म्हणजे लाइनवरची कामाची ठिकाणे, प्रत्येक चौकटीत चार भागांचे वर्तुळ. एक भाग भरला म्हणजे शिकतो आहे; दोन, देखरेखीखाली करतो; तीन, ठरल्या वेळेत आणि दर्जा राखून एकट्याने करतो; पूर्ण भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. इथे माणसाची तुलना कामाशी आहे, शेजाऱ्याशी नाही. ज्या स्टेशनखाली एकच पूर्ण वर्तुळ, तिथला माणूस रजेवर गेला की लाइन अडणार; पुढचे प्रशिक्षण कुणाला, हेही तिथेच कळते.

हा तक्ताही बिघडतो. ऑडिटच्या आदल्या दिवशी सुपरवायझर वर्तुळे रंगवून मोकळा होतो, मॉडेल बदलले तरी जुनीच वर्तुळे राहतात. कंत्राटी कामगार लाइन ओढत असतात, पण तक्त्यात अनेकदा त्यांचे नावच नसते. यासाठी प्रत्येक वर्तुळाखाली तारीख आणि क्वालिटी विभागाची सही हवी. सहा महिने त्या स्टेशनवर काम केले नसेल तर फेरतपासणी हवी.

कार्यालयातही टीमने आपली आठ-दहा कामे लिहून काढावीत: रात्री सर्व्हर बंद पडला तर एकट्याने सुरू करणे, ग्राहकाशी कामाची व्याप्ती ठरवणे, नव्या माणसाला जुना कोड समजावणे. प्रत्येक वर्तुळामागे तारखेसह दाखला असावा. रेटिंगची टक्केवारी शंभराहून मोठ्या गटातच पाहावी, तीही सगळ्यांना सरसकट वरचे रेटिंग देणाऱ्या मॅनेजरला जाब विचारण्यापुरती. आणि इन्क्रिमेंटसाठी पैसा कमी असेल तर तसे स्पष्ट सांगावे. त्यासाठी कुणाच्या नावापुढे ‘अपेक्षेपेक्षा कमी’ असा शेरा मारू नये.

– मनुष्यबळ विभागात काम करणारे काही वाचक, पुणे