शाळेच्या नळाच्या पहिल्या पाण्यात शिसे आहे का, ते तपासा

महोदय,

माझी मुलगी कोपरखैरण्यातल्या एका शाळेत चौथीत आहे. गेल्या सोमवारी ती डबा घरीच विसरली, तो द्यायला मी थेट वर्गापर्यंत गेले. जिन्याजवळच्या कूलरच्या पितळी तोटीला सांध्यापाशी हिरवट-पांढरा थर धरला होता. शनिवारी दुपारपासून पाइपात साचून राहिलेले पाणी मुले आपापल्या बाटल्यांत भरून घेत होती.

मी कार्यालयात पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागितला. त्यांनी तो लगेच दाखवला. जंतू, क्लोरीन, पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), सगळे ठीक होते. शिसे या विषारी धातूचा रकाना मात्र त्यात नव्हताच, आणि नमुना घेतला होता गच्चीवरच्या टाकीतून.

मोरबे धरणाचे पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन आपल्याकडे येते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण शिसे बहुतेक वेळा धरणातून येत नाही, ते इमारतीतल्या शेवटच्या काही मीटरमध्ये पाण्यात उतरते. पितळेत थोडे शिसे असते, जुन्या सोल्डरिंगमध्ये असते, जुन्या पीव्हीसी पाइपांतही ते वापरले जात असे. पीव्हीसी पाइपांतल्या शिशाला आळा घालणारे नियम केंद्राने २०२१ मध्ये काढले. आपल्या भागातल्या बहुतेक शाळांचे नळकाम त्याच्या कितीतरी आधीचे आहे. पाणी जितका वेळ साचून राहील, तितके शिसे जास्त उतरते. टाकीचा नमुना घेऊन हे कसे कळणार?

टीडीएस मीटरवरही ते दिसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. मीटर ८० दाखवतो तेव्हा तो लिटरमागे ८० मिलिग्रॅम क्षार मोजत असतो, त्यात हा कण कुठे सापडणार! शिशाला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी उकळून ते जात नाही, यूव्ही फिल्टरनेही जात नाही. आरओने बरेचसे निघते, पण त्यापुढची तोटी पुन्हा पितळेचीच असेल तर?

पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते, आणि रक्तातली कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगात लोह कमी असलेल्या मुलांना धोका आणखी जास्त. मूल त्याने लगेच आजारी पडत नाही. त्याचे लक्ष लागत नाही, शिकलेले लक्षात राहत नाही. वहीत शेरा येतो, घरी बोलणी बसतात, पाण्याचा संशय कोणालाच येत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

आमच्या शाळेच्या पाण्यात शिसे आहे, असे माझे म्हणणे नाही. ते कोणी पाहिलेलेच नाही. महापालिकेने आणि शिक्षण विभागाने ठाणे-नवी मुंबईतल्या प्रत्येक शाळेत, खासगी असो वा पालिकेची, पिण्याच्या प्रत्येक नळाचा नमुना घ्यावा. तो शाळा भरण्याआधीचा, रात्रभर साचलेल्या पाण्याचा, अगदी पहिला पाव लिटर असावा. नळ अर्धा मिनिट सोडून दुसरा नमुनाही घ्यावा. पहिल्यात शिसे जास्त आणि दुसऱ्यात कमी आले, तर दोष बहुधा तोटीत असतो, आणि तोटी बदलणे काही मोठे काम नाही. दोन्हींत जास्त आले, तर मागचा पाइप पाहावा लागेल. हा अहवाल नोटीस बोर्डावर पालकांना दिसेल असा लावावा.

जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा दीड महिन्याचे पाणी पाइपांत साचलेले असेल, म्हणून ही तपासणी त्याआधी व्हायला हवी. तोवर शिपाईमामांनी रोज सकाळी मुले येण्याआधी प्रत्येक नळ दोन-तीन मिनिटे सोडून ते पाणी फरशी धुवायला घेतले, तरी बराच फरक पडेल. हे उद्यापासूनही करता येईल.

– एक पालक, कोपरखैरणे, नवी मुंबई