आमच्या फ्रॅटमधली पोरं आता काय करतात

डिकेटर, इलिनॉय
नोव्हेंबर 2025

प्रिय भावड्या,

त्या दिवशी फोनवर तू विचारलंस की तुझ्या त्या फ्रॅटमधली पोरं आता काय करतायत रे, नुसती पार्ट्याच का, आणि मी गाडी चालवत होतो म्हणून हो हो करून फोन ठेवला. आज रविवार आहे, बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून नीट लिहितो, लांबलं तर शिव्या घाल.

फ्रॅट म्हणजे कॉलेजातल्या पोरांची संघटना, सगळी मिळून एका घरात राहतात, त्याला हाउस म्हणायचं. पहिलं म्हणजे तुझ्या डोक्यात ते पिक्चरमधले बिअरचे लाल कप आहेत ना ते काढून टाक. म्हणजे लाल कप होते, खोटं कशाला बोलू. पण बाकी सगळं आपल्या गणपती मंडळासारखंच, वर्गणीवरून भांडणं, अध्यक्ष कोण होणार त्यावरून राजकारण, आणि शुक्रवारी स्वयंपाकी घरी गेला की सोमवारपर्यंत पिझ्झा. आमच्या युनिव्हर्सिटीच्या गावात, अर्बाना-शँपेनला, असली हाउसेस ढिगाने आहेत. आमच्यात चाळीसेक पोरं एका घरात राहायची, कुणाचा बाप सर्जन, कुणाचा ट्रक ड्रायव्हर, आणि मी सदाशिव पेठेतला. चार वर्षं कुणाकडे किती पैसे आहेत ते खरंच कळायचं नाही रे, सगळ्यांच्या अंगात तोच फाटका हुडी.

मे 2024 ला डिग्री मिळाली आणि पंधरा दिवसांत सगळं कळलं. सर्जनचा पोरगा युरोप फिरायला गेला, ट्रक ड्रायव्हरच्या पोराने सहा महिन्यांनी लोनचा हप्ता सुरू होणार म्हणून मिळेल ती पहिली नोकरी धरली. बरेच जण शिकागोला, तिथल्या रिगलीव्हिल भागात तिघं तिघं मिळून फ्लॅट, म्हणजे हाउसच पुन्हा, फक्त भाडं तिप्पट. आमचा खजिनदार तिथेच बँकेत आहे, रात्री दोनला ऑफिसातून बाहेर पडतो, आणि अजून सवय गेली नाहीये, कुणी बिअर पाजली नाही तर दुसऱ्या दिवशी व्हेन्मोवर, म्हणजे इथल्या पैसे पाठवायच्या ॲपवर, बरोबर आठ डॉलरची रिक्वेस्ट येते. एकजण आर्मीत सेकंड लेफ्टनंट झाला, कॉलेजात आरओटीसी, म्हणजे आर्मी ऑफिसरचं ट्रेनिंग, करायचा, पहाटे पाचला बूट वाजवत जिना उतरायचा आणि आम्ही उश्या फेकायचो. डॉक्टर व्हायचंय ते दोघं अजून ॲम्ब्युलन्सवर काम करत एमकॅटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करतायत. एकजण घरीच आहे, आईबापाच्या बेसमेंटमध्ये, त्याबद्दल ग्रुपवर कुणी बोलत नाही. तो सगळ्यात हुशार होता.

आमचा प्रेसिडेंट माहितीये काय करतो? तो फ्रॅटचाच नोकर झाला. राष्ट्रीय मुख्यालय अशी नवी पोरं एक-दोन वर्षांसाठी पगारावर ठेवतं, मग हे दोन बॅगा घेऊन ह्या कॉलेजातून त्या कॉलेजात, तिथल्या हाउसमध्ये सोफ्यावर झोपायचं, हिशोबाच्या वह्या तपासायच्या, रश, म्हणजे नव्या पोरांची भरती, कशी करायची ते शिकवायचं. डिट्टो प्रचारक. आम्हाला वाटलं होतं हा सिनेटर होणार, होईलही म्हणा, सुरुवात तशीच आहे.

माझा ‘बिग’, म्हणजे मला हाउसमध्ये सांभाळणारा सीनियर, टीच फॉर अमेरिका ह्या, नव्या ग्रॅज्युएट्सना गरीब भागातल्या शाळांत शिकवायला पाठवणाऱ्या संस्थेतून मिसिसिपीला गेला, सातवीला गणित शिकवतो. दोन वर्षांचं बोलून गेला होता, दोन झाली, अजून तिथेच आहे.

आता माझं. फ्रॅटमध्ये येताना सगळे सांगायचे नेटवर्क नेटवर्क, आयुष्यभर कामाला येतं. ओपीटीवर, म्हणजे डिग्रीनंतर स्टुडंट व्हिसावरच नोकरी करायची परवानगी मिळते त्यावर, 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, माझं घड्याळ 1 जुलैला सुरू झालं. मी फ्रॅटच्या माजी ब्रदर्सना, म्हणजे जुन्या मेंबरांना, मेसेज टाकले, पन्नासेक तरी, सगळे गोड बोलायचे, चल कॉफी घेऊ, आणि व्हिसासाठी कंपनीची स्पॉन्सरशिप लागेल का ह्या प्रश्नाला हो म्हटलं की पुढे काहीच नाही. वाईट कुणीच नव्हतं. पण मला तेव्हा कळलं की फाटका हुडी सारखा असला तरी पासपोर्ट सारखा नसतो.

आणि मग कोण कामाला आलं तर आमचा शेतकरी! हा पोरगा हाउसमध्ये सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होता, कारण चार वर्षं क्रॉप सायन्स शिकून परत बापाच्या शेतावरच जाणार होता. मका आणि सोयाबीन, दोन हजार एकर, त्यातली निम्मी खंडाने घेतलेली. त्याला मी ग्रुपवर काही लिहिलंही नव्हतं, त्याने स्वतःहून विचारलं, आणि त्याच्या बापाने ज्याच्याकडून धान्याच्या कोठारातले सेन्सर घेतले होते त्या माणसाला थेट फोन लावला. छोटी कंपनी, बारा माणसं. मालकाला ई-व्हेरिफाय, म्हणजे कामगाराला कामाची परवानगी आहे का ते तपासायची सरकारी सिस्टिम, काय ते माहीत नव्हतं, कंपनी त्यात असल्याशिवाय मला ओपीटीची पुढची दोन वर्षं मिळणार नव्हती, तर त्याने बसून फॉर्म भरला. 71 व्या दिवशी जॉइन झालो. डिकेटरमध्ये सोयाबीन आणि मक्याचे भले मोठे कारखाने आहेत, गावभर सारखा भाजल्यासारखा वास येतो, पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं, आता घरी आल्यासारखं वाटतं.

मार्चमधल्या एच-1बीच्या, म्हणजे कामाच्या व्हिसाच्या, लॉटरीत नंबर लागला नाही. सप्टेंबरमध्ये एच-1बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फी जाहीर झाली तेव्हा मालक माझ्याकडे बघून नुसता हसला आणि म्हणाला आधी हार्वेस्ट संपू दे. अजून दोन लॉटऱ्या आहेत हातात. बाबांना एवढंच सांगितलंय, तूही एवढंच सांग.

गेल्या महिन्यात होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थी कॉलेजात परत येतात त्या फुटबॉल मॅचच्या वीकेंडला, सगळे जमले, फक्त शेतकरी आला नाही, कापणी चालू होती. मग मीच मॅच सोडून त्याच्याकडे गेलो. रात्री अकरापर्यंत कंबाइनमध्ये, म्हणजे कापणीच्या मोठ्या मशीनमध्ये, त्याच्या शेजारी बसलो होतो, समोर दिव्यात नुसता मका पडतोय आणि हा सांगतोय की भाव पडलेत, खत महाग झालंय, बापाला आता ट्रॅक्टरवर चढायला त्रास होतो. अरे अगदी तुझे मामा बोलतात तसंच! मी डब्यात आणलेला ठेचा त्याने सँडविचमध्ये घालून खाल्ला, डोळ्यांतून पाणी, आणि तरी पुन्हा मागितला.

तर ऐक, तुझी वहिनी डिसेंबरमध्ये शिकागोला येतेय ना, तिच्याकडे दोन बरण्या ठेचा दे, नीट पॅक करून, लसूण जास्त. एक त्याच्यासाठी. एक मालकासाठी म्हणणार होतो, पण तो मिरपूड पण तिखट म्हणतो, दुसरी मीच ठेवेन.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
डिकेटरकर

ता.क. ढोलपथकाचा यंदाचा व्हिडिओ पूर्ण पाठव रे, तो अर्ध्यातच कापलाय.