जुन्या गाडीचे बोल्ट भंगारात टाकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतला जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करण्यावरचा लेख दोनदा वाचला. रंग, क्रोम, गाद्या यांबद्दल लेखकाने जीव ओतून लिहिलं आहे. पण ‘गंजलेले नट-बोल्ट काढून सरसकट स्टेनलेसचे घालावेत’ हे वाक्य वाचून राहवलं नाही. माझं सगळं आयुष्य टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या विभागात गेलं. निवृत्तीनंतर सहा वर्षं १९५१च्या एका एम.जी. टीडी या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीवर काम करतो आहे.

या गाडीच्या एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक (मिलिमीटरच्या मापाचे), पण बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी इंची मापाच्या पान्याची. एम.जी. ज्या घराण्यातली, त्या इंग्रज मोटार उत्पादक मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा कारखाना घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडायची. ती तशीच ठेवली आणि डोकी तेवढी इंग्रज कारागिराकडच्या पान्यांना बसतील अशी केली. ही सगळी हकीकत त्या एका बोल्टमध्ये आहे. तो फेकला की गेली.

गाडी माझ्याकडे येण्याआधी एका गॅरेजने इंजिनाच्या कव्हरला ५/१६ इंची यूएनएफ (बारीक आट्यांचे इंची मापाचे) बोल्ट घातले होते. त्यांची जाडी ७.९४ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १.०६. भोकात हवा होता ८ मिलिमीटरचा, १ मिलिमीटर अंतराचा बोल्ट. फरक इतका थोडा, की दोन-तीन फेरे हातानेच जातात आणि मग बोल्ट अडतो. तिथे थांबून आट्यांचा गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी, लावायचा असतो. त्यांनी लांब पाना लावून रेटलं. चार भोकांतले आटे चुरा होऊन माझ्या हातात आले.

मूळ बोल्ट वाचवणं अवघड नाही, वेळ मात्र लागतो. कुठला कुठून निघाला हे लिहून वेगळ्या पिशवीत ठेवावा. गंज रसायनाने काढावा, आटे पितळी ब्रशने घासावेत. बफ, म्हणजे चकाकी आणणारं फिरतं चाक, अजिबात मारू नये. मुलामा देणाऱ्या एका कारागिराने माझ्या अकरा बोल्टांवर बफ फिरवला आणि डोक्यावरची कारखान्याची उठावाची अक्षरं पुसून टाकली. ती परत येत नाहीत. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जुना करडा-रुपेरी मुलामा बहुधा कॅडमियमचा असतो. तो विषारी आहे. त्यावर टॉर्च धरू नये, कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. मी जस्ताचा मुलामा घेतो आणि वरची झळाळी थोडी मारून टाकतो. जास्त ताकदीच्या बोल्टाला मुलामा दिला असेल, तर लगेच २०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भट्टीत ठेवायला सांगावं. आम्लात आणि मुलाम्याच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो. तो बाहेर पडला नाही, तर कसलेला बोल्ट काही दिवसांनी आपोआप तुटू शकतो.

स्टेनलेसबद्दल लेखात जे आलं नाही ते सांगतो. नेहमी मिळणाऱ्या ए२-७० दर्जाच्या स्टेनलेस बोल्टाची ताण सहन करायची ताकद ७०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, तर ८.८ दर्जाच्या पोलादी बोल्टाची ८००. शिवाय स्टेनलेसचा नट कसताना आटे एकमेकांना धरून बसतात, आणि ओल असेल तिथे शेजारचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. नंबरप्लेटला खुशाल लावा. ब्रेक आणि स्टीअरिंगला नको. तिथे आटे झिजलेला किंवा ताणलेला मूळ बोल्टही मी ठेवत नाही. योग्य दर्जाचा नवा घालतो, नट सैल होऊ नये म्हणून घालायची स्प्लिट पिन तर दर वेळी नवी, आणि काढलेला जुना बोल्ट डबीत जपतो.

लेखमालेचा पुढचा भाग येणार आहे, असं आपण म्हटलं आहे. त्यात आट्यांचा गेज कसा लावावा याची एक चौकट छापावी, सोबत व्हिटवर्थचा ५५ अंशांचा आणि मेट्रिकचा ६० अंशांचा आटा शेजारी-शेजारी दाखवणारं चित्र द्यावं. चित्रासाठी माझे नमुने मी आनंदाने पाठवीन.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार